एसीनं पिकअप पडणं वेगळं अन् अ‍ॅव्हरेज पडणं वेगळं

मार्च संपत आला का आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हे बोलणं सुरू होतंच. एक जण म्हणतो, एसी लावला का गाडी उचलतच नाही, मग पेट्रोल किती पीत असेल विचार करा. दुसरा म्हणतो, माझ्या गाडीत एसी लावून काहीच जाणवत नाही, म्हणजे अ‍ॅव्हरेजलाही फरक नाही. दोघंही चुकतात आणि एकाच जागी चुकतात. गाडी दबली म्हणजे पेट्रोल जास्त गेलं आणि नाही दबली म्हणजे नाही गेलं, असं दोघांनी धरून ठेवलंय. अरे बापा, इंजिनकडे ह्या क्षणाला किती ताकद शिल्लक आहे हा एक प्रश्न, आणि टाकीतलं पेट्रोल किती किलोमीटर पुरलं हा दुसरा. एसी दोन्हीकडे हात मारतो हे खरं, पण वेगवेगळ्या वेळी.

पिकअपचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. एसीचा गॅस दाबणारा पंप म्हणजे कॉम्प्रेसर, तो इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि भर उन्हाळ्यात छोट्या गाडीत साधारण २ ते ४ किलोवॅट ओढतो, म्हणजे ३ ते ५ हॉर्सपॉवर धरा. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन कागदावर ८०-९० हॉर्सपॉवरचं असतं, पण ते ६००० आरपीएमच्या आसपास. नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर तुम्ही १५०० वर असता, तिथे पूर्ण दाबूनही इंजिनकडे जेमतेम २० असतात. विसातून चार गेले तर कळणारच, ऐंशीतून चार गेले तर कोणाला कळतं? म्हणून गाडी दबल्यासारखी वाटते ती खालच्या आरपीएमलाच, आणि तेव्हा एक गिअर खाली घ्यावा, एसीच्या बटनाला हात लावायची गरज नाही.

आमचे काका अजून ट्रक ओव्हरटेक करायच्या आधी एसी बंद करतात. ७९६ सीसीच्या मारुती ८०० वर गाडी शिकलेली पिढी, त्या इंजिनकडे चाळीसच्या आतबाहेर हॉर्सपॉवर, तेव्हा ती सवय बरोबरच होती. आताच्या बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला का ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो. समोरून बस येऊन राहिली असताना डाव्या हातानं बटन शोधणं मला अजिबात पटत नाही, मी त्यांना दरवेळी सांगतो का काका, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

आणि एसीच्या नावावर अजून एक गोष्ट खपते. ४५ डिग्रीची हवा २५ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनात ऑक्सिजन तेवढा कमी जातो आणि साध्या पेट्रोल इंजिनची जास्तीत जास्त ताकदही जवळपास तेवढीच कमी होते, एसी बंद असला तरी. पण ह्यानं अ‍ॅव्हरेज पडत नाही, कारण रोजच्या चालवण्यात आपण पूर्ण ताकद वापरतच नाही, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडं जास्त उघडतं आणि काम होतं. म्हणजे नवतप्यात, मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, गाडी मरगळते, त्यातला एक हिस्सा ह्या हवेचा, आणि अ‍ॅव्हरेजचा त्याच्याशी संबंध नाही. पिकअपवरून अ‍ॅव्हरेजचा अंदाज बांधता येत नाही तो असा.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. एसी पेट्रोल पितो ते तासाच्या हिशोबानं, किलोमीटरच्या नाही. गाडी उभी असो का ६० ने धावत असो, केबिनमधली उष्णता बाहेर फेकायचं काम तेवढंच असतं. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तासभर) ऊर्जा असते, त्यातला पाव ते तिसरा हिस्साच इंजिन कामाला लावतं, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातं. केबिन थंड झाल्यावर कॉम्प्रेसर मध्येमध्ये सुटतो, म्हणून सरासरी दीड किलोवॅट धरलं तर तासाला साधारण अर्धा लिटर. हा अर्धा लिटर डोक्यात ठेवा.

माझंच बघा. मी मनीष नगरला राहतो. आधी ऑफिस बुटीबोरीला होतं, वर्धा रोडनं साधारण पंचवीस किलोमीटर, चाळीस मिनिटं. मग ऑफिस सदरला आलं, दहा किलोमीटर, आणि सकाळच्या गर्दीत तीच चाळीस मिनिटं. मी खूश होतो का पेट्रोल वाचणार. एप्रिलमध्ये अ‍ॅव्हरेज धाडकन पडलं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं एसीचा लोड वाढलाय, गॅस भरा, इंजेक्टर क्लीन करा, मी दोन्ही केलं, पैसे गेले आणि अ‍ॅव्हरेज तिथंच. शेवटी एका रविवारी कागदावर मांडलं. चाळीस मिनिटं एसी म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा, दोन्ही रस्त्यांवर सारखाच. बुटीबोरीच्या रस्त्यावर बिनाएसी गाडी २० देत असेल तर पंचवीस किलोमीटरला सव्वा लिटर, त्यात हा तिसरा हिस्सा मिळवला का होतात १६. सदरच्या रस्त्यावर बिनाएसी १५ देत असेल तर दहा किलोमीटरला पाऊण लिटरपेक्षाही कमी, त्यात तोच तिसरा हिस्सा मिळवला का झाला एक लिटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज १०. वीसचे सोळा एकीकडे, पंधराचे दहा दुसरीकडे, आणि एसी तोच, गॅस तेवढाच, गाडीत बिघाड काहीच नाही. अमेरिकेचं ऊर्जा खातंही सांगतं का खूप उन्हात एसीमुळे अ‍ॅव्हरेज २५ टक्क्यांहून जास्त पडू शकतं, छोट्या फेऱ्यांत खास करून. छोटी फेरी आणि कडक ऊन, आपल्या मे महिन्यात दुसरं असतं काय?

हेच समृद्धी महामार्गावर नेऊन बघा. १०० च्या स्पीडला १८ देणारी गाडी तासाला साडेपाच लिटर पितेच आहे, त्यात अर्धा मिळवला तर साधारण साडेसोळा देईल. बस, एवढंच. आणि लोक नेमकं तिथंच एसी बंद करून काचा उघडतात! मागच्या उन्हाळ्यात समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाहून, शिवमडक्याहून, निघालो तेव्हा काकांनी हेच केलं, पेट्रोल वाचवायला. आजी मागच्या सीटवर दुपट्टा तोंडाला गुंडाळून बसली होती, वर्ध्यापर्यंत तिची पाण्याची बाटली संपली आणि ओठ कोरडे पडले. मी गाडी चालवायला घेतली, काचा बंद केल्या, एसी लावला. त्या स्पीडला उघड्या काचांनी हवेचा अडथळा वाढतो तो वेगळाच, त्यामुळे वाचतं ते अजूनच कमी. म्हातारं माणूस किंवा लेकरू सोबत असेल तर हा विषय माझ्यासाठी बंद आहे.

काचा उघडायच्या तर शहरात, तीस-चाळीसच्या स्पीडला, सकाळी आठच्या आधी. तिथे खरंच वाचतं.

शंका असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा आणि एसीचं बटन दाबा. टक् असा आवाज येतो, आरपीएमचा काटा क्षणभर खाली जातो आणि पहिल्यापेक्षा थोडा वर येऊन थांबतो. तो आवाज कॉम्प्रेसरच्या क्लचचा, आणि वर आलेला काटा म्हणजे तुमचं जास्तीचं पेट्रोल. गाडी हलत नाहीये, पिकअपचा प्रश्नच नाही, किलोमीटर शून्य, आणि पेट्रोल चालू आहे.

ब्लोअर आणि एसीतला फरक आता तरी सगळ्यांना कळला असावा, ब्लोअर बॅटरीवर चालतो आणि एकटा चालवला तर पेट्रोलला नगण्य. मॅन्युअल एसीत टेंपरेचरचा नॉब लालकडे फिरवून पेट्रोल वाचत नाही, बऱ्याच गाड्यांत तो थंड केलेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळतो फक्त. वाचवायचं असेल तर रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटन, लावा, ४५ डिग्रीची बाहेरची हवा परत परत थंड करण्यापेक्षा आतली २८ ची करणं सोपं. उन्हात उभी गाडी असेल तर आधी चारही काचा उघडून अर्धा किलोमीटर चालवा, भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी. हे मी रोज करतो आणि केबिन लवकर थंड होते.

ताकदीसाठी एसी बंद करावा असं मला एकाच ठिकाणी वाटतं, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, गाडीत पाच माणसं, वर सामान आणि टेंपरेचरचा काटा वर सरकत असेल तर. तिथे इंजिन खरंच ताकदीला कमी पडतं आणि कंडेन्सरची, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या समोरच्या जाळीची, गरमी रेडिएटरवर जाते. अशा वेळी बंद करा, काचा उघडा, घाटात तशीही हवा बरी असते, आणि वर पोचल्यावर काटा खाली आला का परत लावा.