जपान लोककला संग्रहालय (निहोन मिंगेइकान)

टोकिओ शहराच्या मेगुरो भागातील कोमाबा येथे असलेले लोककला व पारंपरिक मृत्पात्रे यांचे संग्रहालय. तत्त्वचिंतक यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी हामादा शोजी व कावाइ कान्जिरो हे कुंभार आणि इतर सहकारी यांच्या साहाय्याने ते उभारले व ऑक्टोबर १९३६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. इमारतीच्या खर्चाचा भार कुराशिकी येथील कापड उद्योजक ओहारा मागोसाबुरो यांनी उचलला. संग्रहात सुमारे १७,००० वस्तू असून त्यांतील बहुतेक अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडविलेल्या आहेत.

संग्रहामागील दृष्टी मात्र कोरियातील मातीच्या भांड्यांनी घडविली. तेथे शाळेत शिकविणारे जपानी शिक्षक आसाकावा नोरिताका हे १९१४ मध्ये यानागी यांच्याकडील फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पे पाहण्यास आले, तेव्हा त्यांनी कोरियातील चोसोन राजवटीच्या काळातील एक पांढरे पात्र भेट म्हणून आणले होते. घरगुती वापरातल्या त्या पात्राचे सौंदर्य यानागी यांच्या मनात ठसले. १९१६ पासून ते वारंवार कोरियात गेले आणि १९२४ मध्ये नोरिताका व त्यांचे धाकटे बंधू ताकुमि यांच्या सहकार्याने त्यांनी सोलमधील राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचे संग्रहालय स्थापन केले. कोरिया तेव्हा जपानच्या अंमलाखाली होता; त्याच राजवाड्याचे ग्वांगह्वामुन हे महाद्वार पाडण्याच्या सरकारी बेताला यानागी यांनी १९२२ मध्ये लेख लिहून उघड विरोध केला होता, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. सामान्यांच्या कारागिरीसाठी ‘मिंगेइ’ ही संज्ञा यानागी, हामादा व कावाइ यांनी १९२५ मध्ये रूढ केली आणि पुढच्याच वर्षी नियोजित संग्रहालयाचे निवेदन प्रसिद्ध झाले.

मृत्पात्रे हे संग्रहाचे सर्वांत समृद्ध अंग होय. चोसोनकालीन पांढरी पात्रे, तांबा येथील जुन्या बरण्या, ओकिनावातील त्सुबोया येथील भांडी आणि इंग्लंडमधील पातळ मातीच्या घोळाने नक्षी काढलेली जुनी थाळी यांचा त्यात समावेश आहे. सेतो येथील तेलाच्या बशा विशेष पाहण्याजोग्या आहेत. कागदी कंदिलातील दिव्याचे ठिबकणारे तेल झेलण्यासाठी ठेवायच्या या बशांवर कारागिरांनी डोंगर, झाडे, पक्षी असे विषय मोजक्या फटकाऱ्यांत रंगविले. तेच चित्र पुन्हा पुन्हा काढल्याने हात असा सरावतो, की रेषेत संकोच उरत नाही. या सौंदर्याचे मूळ यानागी यांनी सरावातच पाहिले आणि ते त्यांचे निरीक्षण बशा पाहताना पटते.

क्यूशू बेटावरील ओन्ता या खेड्याकडे त्यांनी १९३१ मध्ये लोकांचे लक्ष वेधले. तेथे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी मुसळे डोंगरातील माती कुटतात. ती गाळून, वाळवून पायाने फिरवायच्या चाकावर भांडी घडवितात आणि उतारावर बांधलेल्या भट्टीत भाजतात. चाक फिरत असताना लवचीक पात्याचे टोक अर्धवट वाळलेल्या पृष्ठभागावर उडवून उमटविलेली नक्षी ही या भांड्यांची खूण असून घडविणाऱ्याचे नाव त्यांवर घालत नाहीत.

मृत्पात्रांखेरीज ओकिनावातील रंगीत छापाची वस्त्रे, ईशान्य जपानातील शेतकरी कुटुंबांचे दोऱ्याने भरलेले कपडे, उत्तर जपानातील मूळ रहिवासी आयनू लोकांची वस्त्रे आणि ओत्सु येथे वाटसरूंना विकली जाणारी चित्रे संग्रहात आहेत. १९४५ च्या लढाईत ओकिनावातील जुन्या वस्तूंचा फार मोठा नाश झाला, त्यामुळे त्यापूर्वी येथे आलेल्या वस्तूंचे मोल फार वाढले आहे.

दालनांतील माहितीफलक हेतुपुरस्सर त्रोटक ठेवले आहेत. काळ्या पाट्यांवर शेंदरी अक्षरांत वस्तूचे नाव, स्थळ व काळ एवढेच लिहिलेले असते. आधी पाहावे, मग जाणून घ्यावे, ही यानागी यांची धारणा त्यामागे आहे.

या विचारावर गंभीर आक्षेपही घेतले गेले. कोरियन कलेचे सौंदर्य दुःखातून जन्मले, या यानागी यांच्या मताला कोरियन अभ्यासकांनी विरोध केला, कारण त्यात एका जित समाजाकडे करुणेने पाहणारी जेत्याची नजर दिसते. हा आक्षेप रास्त आहे. अनाम कारागिरांचा गौरव करणाऱ्या मिंगेइ चळवळीतील हामादा आणि कावाइ स्वतः नामवंत कलावंत झाले, ही विसंगतीही दाखविली जाते. हामादा मात्र पुढे आपल्या भांड्यांवर सही करीत नसत.

यानागी यांच्या निधनानंतर हामादा आणि त्यांच्यामागून यानागी यांचे पुत्र, औद्योगिक अभिकल्पकार यानागी सोरि, यांनी संचालकपद सांभाळले. जपानच्या निरनिराळ्या भागांतील कारागिरांच्या नव्या वस्तूंचे प्रदर्शन संग्रहालयात दरवर्षी भरते आणि निवडलेल्या वस्तू तेथे विक्रीसही ठेवल्या जातात.