वासोट्याचं रान एवढं निर्जन कशामुळे झालं?

पाऊस ओसरून कासची फुलं सरत आली की साताऱ्यात जो तो विचारायला लागतो, "वासोटा चालू झाला का?" चालू होणं म्हणजे वनखात्यानं पावसाळ्यापुरता बंद ठेवलेला गड पुन्हा लोकांसाठी उघडणं. मग पहाटे शहर सोडायचं, यवतेश्वराचा घाट चढून कासवरून बामणोलीत उतरायचं, परवाना घ्यायचा आणि लाँचमध्ये बसायचं. दीडएक तास शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी कापत गेल्यावर पलीकडच्या काठाला पाय लागतो तो थेट जंगलात. अजिंक्यतारा आमच्या उशाशी आहे, सज्जनगडावर एस.टी. जाते. वासोट्याला मात्र गाडीरस्ता नाही, वर वस्ती नाही, रात्री थांबायला परवानगी नाही. म्हणूनच त्याची ओढ.

बरोबरची पोरं दरवेळी म्हणतात, "हे जंगल पहिल्यापासून असंच असणार ना?" नाही. जंगल जुनं आहे, पण ही सामसूम नवी आहे. तिला अजून सत्तर वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

वासोटा घाटमाथ्याच्या अगदी कडेला आहे. पूर्वेला कोयनेचं खोरं. पश्चिमेला कडा सरळ कोकणात तुटतो. त्याच्या तळाशी खेड तालुक्यातलं चोरवणे. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि १६६० साली हा गड स्वराज्यात आला. महाराजांनी त्याचं नाव व्याघ्रगड ठेवलं. आडबाजूला असल्यानं तो तुरुंग म्हणून वापरला जाई. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीनं हाच गड धरून औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांशी झुंज दिली, आणि कित्येक महिने दिली. आमच्याकडे तिचं नाव अजून घेतलं जातं; खरं तर याहून जास्त घेतलं जायला हवं. पुढे दुसऱ्या बाजीरावानं सातारच्या छत्रपतींच्या घरातली माणसं आणि दोन इंग्रज अधिकारी इथंच अडकवून ठेवले होते. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या, जुना वासोटा म्हणतात त्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि गड पडला. त्यानंतर लढायांच्या इतिहासात त्याला जागा उरली नाही.

माणसांच्या इतिहासात मात्र होती. लाँच जिथं लागते त्या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे गडाखालची पहाऱ्याची चौकी. गडाच्या वाटांवर नजर ठेवणारी माणसं तिथं राहायची, त्यांना जमिनी असायच्या, आणि पहारे संपले तरी घरं राहिली. कोयनेच्या काठानं भाताची खाचरं होती, उतारावर नाचणी, वरल्या अंगाला गवळी धनगरांचे वाडे. घाटावरची माणसं पायवाटांनी कोकणात उतरत आणि तशीच वर येत. महाशिवरात्रीला वासोट्याजवळच्या नागेश्वराच्या गुहेत दोन्हीकडची माणसं जमतात, ती याच जुन्या येण्याजाण्याची खूण.

मग धरण आलं. हेळवाकजवळ कोयनेला अडवायचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि साठीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत पाणी भरत गेलं. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे आज सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि त्याचा फुगवटा पार तापोळ्यापर्यंत पसरतो. महाराष्ट्राचे दिवे त्यावर लागले. खोऱ्यातली शंभराच्या घरातली गावं मात्र उठली. कुणी सोलापूरच्या कोरड्या माळावर गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे, कुणी मुंबईत माथाडी झालं. काही जण सरकून वरच्या उतारावर बसले. भात लावणाऱ्या माणसाला सोलापूरची जमीन दिली तर तो तिथं काय पिकवणार, हे त्या वेळी कुणी नीट विचारलं असेल असं मला वाटत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि उरलेल्यांचीही घरं पडली. २०१८ साली प्रकल्पग्रस्त कोयनानगरला आंदोलनाला बसले, तेव्हा त्यांतले कित्येक जण धरणाला जमिनी देणाऱ्यांचे नातू होते.

पाणी चढलं तशा खोऱ्यातल्या पायवाटा बुडाल्या. पलीकडचा काठ तुटला. शेतं पडीक राहिली, आधी कारवी माजली, मग जांभूळ-अंजनीनं जागा धरली. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झालं, २०१० साली ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं त्यात कोयना, कास, चांदोली ही नावं आली. आता परवाना लागतो. आत शिरताना पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून लिहून घेतात, अनामत ठेवतात आणि परतताना पुन्हा मोजतात. पूर्वी लोक गडावर मुक्काम करायचे, आता अंधाराच्या आत खाली यावंच लागतं. हे नियम कडक आहेत आणि मला ते योग्य वाटतात. गव्यानं आणि अस्वलानं ही जागा मिळवलेली आहे.

ओढा ओलांडून चढण सुरू होते तिथं मारुती आहे. त्याच्या आसपास डोळे उघडे ठेवून चाललं तर पालापाचोळ्यात सरळ रेषेतले दगड दिसतात. ती घरांची जोती. गेल्या खेपेला एका जोत्याच्या कोपऱ्यात मला पाट्याचा तुकडा दिसला, मधे घासून खोलगट झालेला. त्यावर शेवाळ होतं. हात लावला आणि तिथंच ठेवला. माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी आणि चुन्याची घाणी आहे. सगळे त्यांचे फोटो काढतात. जोत्यांपाशी कुणी थांबत नाही.

परतीच्या लाँचमध्ये आमचे नाववाले काका बरेच वेळ गप्प होते. बामणोली दिसायला लागली तेव्हा त्यांनी पाण्याच्या मधोमध हात केला. "हितं खाली आमच्या आज्ज्याची चार खाचरं हुती. मे महिन्यात पाणी लई उतरलं तर बांध दिसत्यात." मी विचारलं, बघायला जाता का? म्हणाले, "जातो की. पोरांना घेऊन जातो."