कोयनेआधीचे पूल, कोयनेनंतरचे पूल

बेळगावात पुलाचा विषय निघाला की बोलणं दोनच वाटांनी जातं. एक रेल्वे गेटवरची गर्दी, दुसरं पावसाळ्यातलं पाणी. पाण्याची भीती खोटी नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर आली आणि वाहतूक ठप्प झाली. मांजरी, कुडची, उगारच्या माणसाला कृष्णा पुलाला लागली एवढं सांगितलं तरी पुरतं. त्यामुळे आपल्याकडचा पूल पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या मापानं मोजला गेला. पूर कुठवर चढतो, पायाखालची माती किती धुपते, कमानीतून पाणी निघतं का, एवढंच बघायचं. जमीनच हलली तर काय, हा प्रश्न उशिरा आला.

तो आणला कोयनेनं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे साडेसहा रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला, कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. बेळगाव तिथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, निपाणी तर त्याहून जवळ. कोयना धरणाच्या आतल्या, धक्का नोंदवणाऱ्या यंत्रावर आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाहून जास्त उमटला. दख्खनच्या कातळाला काही होत नाही, असं तोवर शिकलेले लोकही धरून चालले होते.

कागदोपत्रीही तसंच होतं. 1962 साली निघालेल्या आय.एस. 1893 या भूकंपासाठीच्या भारतीय बांधकाम-मानकाच्या नकाशात चक्क ‘शून्य’ विभाग होता; विभागाचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. कोयनेनंतर, 1970 च्या आवृत्तीत, तो काढून टाकला. 2002 च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या विभागात आहे, कोयना चौथ्यात. सत्तरच्या दशकातल्या नियमाप्रमाणे तिसऱ्या विभागाचा मूळ गुणांक 0.04 होता. म्हणजे पुलाच्या वजनाच्या साधारण चार टक्के आडवा जोर धरायचा, मग माती आणि पुलाचं महत्त्व पाहून तो वाढवायचा. आज हा आकडा किरकोळ वाटतो. पण शून्यातून चारावर येणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

मात्र पूल भूकंपात नेमका कुठं मोडतो हे जगाला शहरांतल्या पडझडीनंच शिकवलं. जून 1964 च्या भूकंपात जपानच्या निगाता शहरातला शोवा पूल पडला, तोही खुला होऊन जेमतेम महिना झाला असताना. खालची ओली वाळू हादऱ्यानं पातळ झाली, खांब सरकले आणि वरचे गाळे एकामागून एक नदीत गेले. त्याच शहरातला 1929 चा बांदाई पूल मात्र टिकला. जुनं ते कच्चं असा सरधोपट हिशेब म्हणूनच लावू नये. 1971 मध्ये अमेरिकेतल्या सॅन फर्नांडोच्या भूकंपात गर्डर, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळया, खांबाच्या माथ्यावरून घसरले. बसायला जागाच अपुरी होती. 1995 च्या भूकंपात जपानमधल्या कोबेतल्या हानशिन महामार्गाचा सहाशे मीटरहून लांब उड्डाणपूल एका कुशीवर आडवा झाला. त्याच्या एकेरी खांबांतल्या काही उभ्या सळ्या मध्येच थांबवलेल्या होत्या आणि सळ्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा विरळ होत्या. आपल्याकडं 2001 च्या भूजमध्ये कच्छला सौराष्ट्राशी जोडणाऱ्या सुरजबारी पुलाच्या बेअरिंगना, म्हणजे गर्डरखालच्या सरकत्या टेकूंना, मार बसला आणि मदतीची वाट अडली.

या सगळ्यांत मिळून पूल मोडण्याच्या तीनच जागा दिसतात. पायाखालची माती, खांबातल्या रिंगा, आणि गर्डर टेकतो ती बैठक. बेळगाव पठारावर आहे, बऱ्याच ठिकाणी मुरूम-कातळ लवकर लागतो, ही जमेची बाजू. कृष्णाकाठची गाळमाती वेगळी. आणि बैठक? कुठल्याही जुन्या पुलाखाली उभं राहून वर बघा. खांबाचा माथा आणि गर्डर यांच्या फटीत कबुतरांची घाण, माती, कधी पिंपळाचं रोप. बेअरिंगनं सरकायचं असतं. मातीत रुतलेलं बेअरिंग सरकत नाही आणि धक्का थेट खांबात उतरतो.

शहराला रेल्वे 1887 मध्ये मिळाली. तेव्हाच्या दगडी बांधकामात आडव्या हिसक्याचा विचार असणं शक्यच नव्हतं. खानापूर रोडचा ब्रिटिशकालीन पूल पाडून नवा झाला, तोही भूकंपाच्या धास्तीनं नव्हे, वाहतुकीपायी. रस्त्यांच्या पुलांसाठी भूकंपाची वेगळी मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसनं 2018 मध्ये काढली. पण ती मुख्यतः नव्या बांधणीची. जुन्या पुलावर बैठक रुंद करणं, गर्डर घसरू नये म्हणून अडसर बसवणं, खांबाला पोलादी जाकीट घालणं हे उपाय आहेत, फक्त ते कुणी करायचे हा घोळ आहे. उड्डाणपुलाचा रुळांवरचा गाळा सहसा रेल्वेचा असतो, दोन्हीकडच्या चढणी राज्याच्या. दोन्ही भागांची बांधणी वेगळी, त्यामुळं हादऱ्यात डोलही वेगळा, आणि दोघांची टक्कर होते ती नेमकी हद्दीवरच्या जॉइंटला. दुचाकी तिथं रोजच आपटते. तक्रार जाते ती खड्ड्याची.