निफाडचा बुटका गहू, टपोरी द्राक्षं आणि दोन्हींच्या मुळाशी असलेला एकच रेणू

विद्यापीठांची क्रमवारी जाहीर झाली की नाशिकच्या वर्तमानपत्रांतही रकानेच्या रकाने भरतात. कोणाचे किती शोधनिबंध, इतरांनी त्यांचा किती वेळा हवाला दिला, कोण किती पायऱ्या चढलं. हे गणित मागच्या काही वर्षांच्या कामावर मांडलेलं असतं, आणि एवढ्या थोडक्या काळात संशोधनाचं मोल कळतं हेच मला पटत नाही. टोकियो विद्यापीठात १९३५ साली पुढे गेलेल्या एका कामाचा अर्थ पुरता उलगडायला २००५ साल उजाडावं लागलं. तो अर्थ डोळ्यांनी पाहायचा असेल तर हिवाळ्यात निफाड तालुक्यात जावं. तिथे एका बांधाच्या अलीकडे द्राक्षबाग आणि पलीकडे गहू दिसतो.

आधी बागेकडे. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळा घड पोपटी रंगावर आला की बागायतदार ‘जीए’ची पहिली फवारणी घेतो. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, जिबरेलिन या वाढीच्या संजीवकाचा एक प्रकार. मात्रा साधारण १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्याला अवघा १ ग्रॅम. ही पांढरी पूड पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यायची. अल्कधर्मी पाण्यात तिचा जोर ओसरतो, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) आधी खाली आणायचा. या फवारणीने घडाचा दांडा आणि पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या उपशाखा, लांबतात, मण्यांना जागा होते. फुलोऱ्यात दिलं तर तेच जीए काही फुलं गाळून विरळणी करतं. मणी धरल्यावर घड द्रावणात बुडवून काढला, म्हणजे डिपिंग केलं, तर मणी फुगतो. रसायन एकच, वेळ बदलली की काम बदलतं.

याची गरज का पडते? थॉमसन सीडलेस किंवा त्यातूनच निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या वाणांत फलन होतं, बी धरू लागते आणि मध्येच तिची वाढ थांबते. बीचं कवच तयार करणाऱ्या एका जनुकातल्या बदलामुळे हे घडतं, असं स्पेनमधल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. वाढती बी स्वतः जिबरेलिन तयार करते आणि भोवतालच्या गराला वाढायला लावते. बीच अर्धवट राहिली तर ही रसद तुटते आणि मणी बारीक राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत रॉबर्ट वीव्हर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हीच रसद बाहेरून पुरवली आणि बिनबियांची द्राक्षं टपोरी झाली. बेदाण्याच्या आकाराचा मणी खायच्या द्राक्षाएवढा व्हायला लागला तो तेव्हापासून.

दर फेब्रुवारीत मोबाइलवर फिरणारा ‘द्राक्षांना इंजेक्शन देतात’ हा निरोप म्हणूनच निरर्थक आहे. एकेका घडात शेकडो मणी असतात. त्यांना सुई टोचत बसायला कोणालाही सवड नाही, आणि तशी गरजही नाही. तितकीच वाईट म्हणजे ‘साईज दुप्पट’ असं छापलेली, आत काय आहे ते न सांगणारी टॉनिकची बाटली. जिच्यावर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नाही, ती बाटली बागेत नेऊच नये.

आता जपानकडे. तिथे भाताला बाकानाए नावाचा रोग पडत असे. रोगट रोपं इतरांपेक्षा उंच, फिकट, लुकडी वाढायची आणि लोळायची. १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवलं की या रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव गाळून बुरशी काढून टाकली, तरी नुसत्या द्रवाने निरोगी रोपं तशीच ताडमाड वाढतात. म्हणजे उंची वाढवणारं काहीतरी बुरशी बाहेर टाकत होती. टोकियो विद्यापीठाच्या तेइजिरो याबुता यांनी १९३५ साली त्याला जिबरेलिन हे नाव दिलं आणि १९३८ साली सहकाऱ्यासह त्याचे स्फटिक वेगळे केले. पुढे कळलं की हे संजीवक निरोगी वनस्पती स्वतःही बनवतात. आज नाशिकच्या दुकानात मिळणारी जीएची पुडीसुद्धा त्याच बुरशीला टाक्यांत वाढवून तयार होते.

मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती पुढच्या भागाची. जिबरेलिन पेशीत शिरून नेमकं करतं काय? आपल्याला वाटेल, ते वाढीला ढकलत असणार. तसं नाही. पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिनं असतात. वाढीची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना ती धरून ठेवतात. म्हणजे वाढ हीच मूळ प्रवृत्ती आणि डेला हा तिचा लगाम. जिबरेलिन हा लगाम सोडवतं, पण स्वतःच्या हाताने नाही. जीआयडी१ नावाच्या ग्राहक प्रथिनात एक खळगा असतो. जिबरेलिनचा रेणू त्यात बसला की त्यावर त्याच प्रथिनाचा एक भाग झाकणासारखा मिटतो. या मिटलेल्या झाकणाच्या बाहेरच्या पृष्ठभागाला डेला येऊन चिकटतं. असा तिघांचा गट जमला की वेगळंच एक यंत्र डेलावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनांची साखळी लावतं. तशी साखळी लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, तुकडे होतात. डेला संपलं, वाढ सुरू. हे ग्राहक प्रथिन नागोया विद्यापीठात मियाको उएगुची-तानाका आणि माकोतो मात्सुओका यांच्या गटाने २००५ साली भातात शोधलं. कुरोसावा यांच्या प्रयोगानंतर ७९ वर्षांनी.

आता बांधापलीकडचा गहू. ज्या १९३५ मध्ये याबुता यांनी नाव दिलं, त्याच वर्षी त्याच देशात गोंजिरो इनाझुका यांचा नोरिन १० हा बुटका गहू शेतकऱ्यांना मिळाला. १९४६ साली तो अमेरिकेत गेला. तिथे वॉशिंग्टन राज्यात ऑर्व्हिल व्होगेल यांनी आणि मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी त्याचा बुटकेपणा नव्या वाणांत आणला, आणि १९६० च्या दशकात ते वाण भारतात आले. खत दिलं तरी ताट लोळत नाही, हा त्यांचा गुण. तो कशामुळे येतो हे इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या संशोधकांनी आधी मोहरीच्या कुळातल्या एका इवल्याशा तणात शोधलं. तिथे डेला प्रथिनातला १७ अमिनो आम्लांचा तुकडाच गायब होता. ग्राहक प्रथिन ज्याला धरतं तोच हा भाग. १९९९ साली त्यांनी गव्हातही तीच गोष्ट दाखवली: बुटक्या गव्हाच्या डेलाचा पुढचा भाग तुटलेला असतो, त्यामुळे जिबरेलिन असूनही ते नष्ट होत नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन असे वाण दिले. भारतात आज पिकणाऱ्या बहुतेक बुटक्या गव्हांत हाच न सुटणारा लगाम आहे. बांधाच्या अलीकडे, द्राक्षबागेत, तो सोडवायला आपण पैसे मोजतो, आणि पलीकडे, गव्हात, तो सुटत नाही म्हणून पोटभर खातो.

द्राक्षात आणखी एक गुंतागुंत आहे. वेलीवरची बाळी (आधाराला वेटोळं घालणारा तंतू) आणि घड यांची सुरुवात एकाच प्रकारच्या कोंबापासून होते. जिबरेलिन जास्त असलं तर बाळी होते, कमी असलं तर घड. ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस यांनी २००२ साली डेला बिघडलेला एक बुटका द्राक्षवेल वर्णिला. त्यावर बाळ्यांच्या जागी फुलोरे आले होते. म्हणूनच एप्रिल छाटणीनंतर, काडीच्या डोळ्यांत, म्हणजे पुढे फुटणाऱ्या कोंबांत, सूक्ष्म घड तयार होत असताना, बागायतदार जिबरेलिनची निर्मिती अडवणारं सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) हे रसायन वापरतात. त्या दिवसांत आभाळ भरलेलं राहिलं, डोळ्यांवर ऊन पडलं नाही आणि वेल नुसताच माजला, तर ऑक्टोबरनंतर घड जिरतात, म्हणजे घडाच्या जागी बाळीच होते. त्यावर ‘बागेला दृष्ट लागली’ म्हणत लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी मे-जूनचं हवामान आठवून बघावं. सीसीसीचाही अतिरेक नडतो. त्याचेच अंश सापडल्याने २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली होती.

गव्हाच्या लगामाचीही किंमत आहे. डेला साठून राहिलं की ते नत्र उचलण्याची ताकदही दाबतं, म्हणून बुटक्या वाणांना युरिया जास्त लागतो. हे २०१८ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे निकोलस हार्बर्ड, म्हणजे १९९९ च्या त्या गव्हाच्या कामातलेच, याही कामात होते. डेलाच्या विरुद्ध बाजूने ओढणारं जीआरएफ४ नावाचं प्रथिन भातात आणि गव्हात वाढवलं, तेव्हा ताटं बुटकीच राहिली आणि कमी नत्रातही जास्त दाणा मिळाला.