ओझरच्या ॲप्रनवरचे नियम कुठून आले?

नाशिकजवळच्या ओझर विमानतळाची धावपट्टी मुळात मिग या लढाऊ विमानांच्या कारखान्याची. हिंदुस्थान एरोनॉटिक्स १९६४ मध्ये इथे आली, प्रवासी टर्मिनल मात्र २०१४ मध्ये उभं राहिलं. नाशिककर इथे ॲप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवरून, पायी चालत शिडीपर्यंत जातात, त्यामुळे तिथले नियम फक्त कर्मचाऱ्यांपुरते राहत नाहीत.

खूप जुना नियम चोकचा, म्हणजे चाकाला लावायच्या ठोकळ्याचा. सुरुवातीच्या विमानांना ब्रेकच नव्हते. पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं, तर विमान अंगावर येऊ नये म्हणून चाकांपुढे लाकडी ठोकळे लावत. आज ब्रेक आहेत, तरी उभ्या विमानात ब्रेक धरून ठेवणारा तेलाचा (हायड्रॉलिक) दाब हळूहळू उतरतो आणि पार्किंग ब्रेक सैल पडतो. म्हणून कसाऱ्याच्या घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला दगड लावतात, तसा चोक हवाच. तो टायरला घट्ट ठोकायचा नाही, थोडी फट ठेवायची. इंधन आणि सामान भरलं की टायर दबून पसरतो आणि चोक अडकून बसतो.

पंख्याचा धोका शंभर वर्षांत बदललेला नाही. फिरणारी पाती दिसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं वेगळ्या रंगात रंगवतात. एटीआर ७२ या दोन पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाच्या पंख्याचा व्यास ३.९३ मीटर. या विमानाला वेगळं सहायक इंजिन नसतं. वीज आणि हवेसाठी उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने रोखता येतो. म्हणजे इंजिनाचा आवाज येतो, पण पंखा थांबलेला असतो. त्यामुळे आवाजावरून अंदाज बांधायचा नाही. विमानावरचा लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत जवळ जायचं नाही, हाच नियम. प्रवाशांचं दार डाव्या बाजूला मागे असतं. शंकूंनी आखलेल्या वाटेनेच जायचं, पंखाखालून आडवं निघायचं नाही.

मागच्या दारापाशी गर्दी झाली की वजन मुख्य चाकांच्या मागे सरकतं आणि शेपूट जमिनीला टेकू शकते. म्हणून चढ-उतार सुरू होण्याआधी शेपटीखाली टेकू लावतात. निघताना तो विसरला, तर विमान सरकताच मोडतोड होते.

जेट इंजिनाचा धोका उलटा, ते पुढून ओढून घेतं. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत विमान मागे ढकललं जात असताना एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला आणि दगावला. असं होऊ नये म्हणून सगळे बाजूला झाल्याची खूण वैमानिकाला स्पष्ट दिसल्याशिवाय विमान जागचं हलवायचं नाही.