लॉगिन लायब्ररी, मुक्तस्रोत

संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाची ओळख पटवणे, त्याचा पासवर्ड साठवणे, पडताळणे, विसरल्यास बदलून देणे आणि तो आत असेपर्यंत त्याचे सत्र सांभाळणे, यांपैकी सगळी किंवा काही कामे करणारा तयार कोड म्हणजे लॉगिन लायब्ररी. मुक्तस्रोत लायब्ररीचा कोड कोणालाही वाचता येतो आणि एमआयटी, बीएसडी किंवा अपाची यांसारख्या परवान्याच्या अटींवर वापरता व बदलता येतो. संकेतस्थळे बांधण्याच्या तयार चौकटींपैकी पायथन भाषेतल्या जँगोमधला ऑथ विभाग, रूबी ऑन रेल्ससाठी डिव्हाइज, जावास्क्रिप्टच्या नोडसाठी पासपोर्ट आणि २००३ मध्ये ‘असेजी’ नावाने सुरू झालेली जावाची स्प्रिंग सिक्युरिटी ही ओळखीची उदाहरणे. कीक्लोक हा त्याच कामाचा स्वतंत्र सर्व्हर आहे, लायब्ररी नव्हे. ही नोंद मुख्यतः पासवर्डापुरती आहे.

गोव्यात हा विषय मोठ्या कंपन्यांपुरता नाही. देवस्थानच्या अग्रशाळेतल्या खोल्यांचे आरक्षण, काणकोणातला होमस्टे, पतसंस्थेच्या सभासदांची खाती, शाळेचे निकाल, अशा ठिकाणीही लॉगिनची खिडकी लागते. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या दोन-चार जणांच्या गटाला असे स्थळ पर्यटनाचा हंगाम लागण्याआधी उभे करून द्यायचे असते. घाईत पासवर्डाचा कोड स्वतःच लिहून टाकण्याचा मोह होतो, कारण काम चार ओळींचे दिसते : आलेला पासवर्ड टेबलात ठेवा, पुढच्या वेळी जुळला की आत सोडा. हे चालतेही. पण टेबल चोरीला गेले की सगळेच गेले. देवळातली फंडपेटी फोडल्याच्या बातम्या इथल्या वाचकाला नव्या नाहीत. पेटी फुटली की आतली रक्कम जाते. पासवर्डांची पेटी मात्र अशी बांधता येते की चोराने ती उचलून नेली तरी आत पासवर्ड सापडू नयेत. लायब्ररीचे मुख्य काम तेच.

त्यासाठी पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा, ठेवतात. हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, पण अंदाज बांधून, प्रत्येक अंदाजाचा हॅश काढून जुळवता येतो. एमडी-५ सारखे जलद हॅश आजची ग्राफिक्स कार्डे सेकंदाला अब्जावधी काढतात. म्हणून दोन उपाय योजले गेले. पहिला सॉल्ट : प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक भर घालायची, म्हणजे दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी हॅश वेगळे येतात. दुसरा, हॅश मुद्दाम संथ करायचा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात युनिक्सच्या संदर्भात हे दोन्ही उपाय मांडले होते. तरीही २००९ मध्ये रॉकयू या स्थळावरून फुटलेले ३.२ कोटी पासवर्ड साध्या मजकुरात होते, आणि २०१२ मध्ये लिंक्डइनचे बाहेर आलेले सुमारे ६५ लाख हॅश सॉल्टविना होते. ज्ञान होते, वापर नव्हता.

संथ हॅशांची परंपरा १९९९ च्या बीक्रिप्टपासून (नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएरेस) पीबीकेडीएफ-२ आणि २००९ च्या एसक्रिप्टमार्गे आर्गॉन-२ पर्यंत येते. आर्गॉन-२ ने २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा जिंकली. तो वेळेबरोबर मेमरीही खातो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांचा फायदा घटतो. लायब्ररीचा खरा उपयोग तिच्या ठरीव (डिफॉल्ट) मूल्यांत दिसतो. जँगोने पीबीकेडीएफ-२ ची आवर्तने, म्हणजे हॅशची क्रिया किती वेळा करायची तो आकडा, ४.२ आवृत्तीत ६ लाख ठेवली होती, ५.२ मध्ये ती १० लाख झाली. साठवलेल्या ओळीच्या सुरुवातीलाच पद्धत, आवर्तने आणि सॉल्ट लिहिलेले असल्याने माणूस पुढच्या वेळी लॉगिन झाला की त्याचा जुना हॅश गुपचूप नव्या मापाचा करून घेता येतो. स्वतः लिहिलेल्या चार ओळींत हे सहसा राहून जाते.

देवनागरी पासवर्ड हा या विषयातला दुर्लक्षित कोपरा आहे, आणि मराठी वाचकाला तो थेट भिडतो. बीक्रिप्ट पासवर्डाचे पहिले ७२ बाइटच पाहतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, हलन्त यांनाही, तीन लागतात. ७२ बाइटांत जेमतेम २४ चिन्हे बसतात. ‘मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळ’ हा पासवर्ड ९२ बाइटांचा होतो. बीक्रिप्टच्या लेखी तो ‘सं’ नंतर एका बाइटावर तुटतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सारखाच असतो. परिणामी शेवटी ‘संध्याकाळ’ ऐवजी ‘संगीत’ लिहिले तरी कुलूप उघडते. अनेक लायब्रऱ्या हा शेपटीचा भाग न बोलता कापत आल्या. पायथनच्या बीक्रिप्ट पॅकेजने ५.० आवृत्तीपासून लांब पासवर्ड सरळ नाकारायला सुरुवात केली, आणि ते योग्यच झाले. मर्यादा कागदावरची नाही : २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिन सेवा पुरवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या एका त्रुटीत वापरकर्त्याचे नाव ५२ किंवा अधिक अक्षरांचे असले, तर विशिष्ट परिस्थितीत पासवर्डाशिवाय प्रवेश मिळू शकत होता. नाव आणि पासवर्ड एकत्र जोडून बीक्रिप्टला दिले जात, त्यामुळे नाव लांब असले की पासवर्डच कापला जाई. मुळाशी हेच ७२ बाइट होते.

दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. ‘किनाऱ्यावर’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व त्यानंतर न दिसणारा शून्यरुंदी जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिला शब्द ३० बाइटांचा, दुसरा ३३, त्यामुळे हॅश पूर्ण वेगळा. घरच्या संगणकावर ठेवलेला पासवर्ड फोनवर चालेनासा होतो आणि माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत हॅशआधी युनिकोड सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) करावे असे सुचवले आहे. त्याने ‘ऱ’ आणि ‘र’ अधिक नुक्ता हे एक होतात, पण जोडकाचा हा भेद मिटत नाही. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या गोव्यात स्थळ बांधणाऱ्याला जोडकाची ही दोन रूपे स्वतःच, हॅश काढण्याआधी, एक करून घ्यावी लागतात.

कोड सर्वांसमोर ठेवला तर चोराला सोपे होणार नाही का, हा प्रश्न देवस्थानचे महाजनही विचारतील. ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच उत्तर दिले होते : यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी, किल्ली गुप्त असेपर्यंत तिने टिकले पाहिजे. खुलेपणाने चुका सापडतात, पण आपोआप नव्हे. २०१५ मध्ये जेडब्ल्यूटी टोकन (लॉगिननंतर मिळणारा, स्वाक्षरी केलेला डिजिटल पास) तपासणाऱ्या काही लायब्रऱ्या ‘मला स्वाक्षरीच नाही’ असे टोकनानेच म्हटले तर तेही खरे मानत असल्याचे उघड झाले. लायब्रऱ्या ओसही पडतात. पायथनची पासलिब एकेकाळी सर्रास वापरली जाई, तिची १.७.४ ही आवृत्ती २०२० ची, आणि पुढे बीक्रिप्ट पॅकेज बदलले तेव्हा तिच्याशी त्याचे जुळेना. म्हणून लायब्ररी निवडताना शेवटची आवृत्ती कधी आली हे आधी पाहावे, गिटहबवर तारे (पसंतीच्या खुणा) किती मिळाले ते नंतर.

कायद्यानेही हे टाळता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीत पासवर्ड पहिला आहे, आणि हे नियम ज्यांना लागू होतात त्या ‘बॉडी कॉर्पोरेट’च्या कलम ४३-अ मधील व्याख्येत एकट्या मालकाचा धंदाही येतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते.

पासवर्ड टाळणाऱ्या पद्धतींच्याही मुक्तस्रोत लायब्रऱ्या आहेत. एसएमएसने येणारा ओटीपी सत्तरी तालुक्यातल्या डोंगराआड रेंज नसली तर पोचत नाही. फोनवरच तयार होणाऱ्या, वेळेनुसार बदलणाऱ्या टीओटीपी आकड्याला नेटवर्क लागत नाही. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक ठरलेल्या वेबऑथएनमध्ये गुप्त किल्ली फोनसारख्या उपकरणात असते आणि सर्व्हरकडे केवळ तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली राहते. त्यात टंकायचे काही नसल्याने ‘ऱ्या’चा घोळही होत नाही, पण फोन हरवला तर काय, या भीतीने बहुतेक स्थळे शेजारी पासवर्डही चालू ठेवतात.