शोधनिबंधांचा शोध, विद्यापीठ ग्रंथालयातील

संशोधनपर नियतकालिकांतील निबंध विद्यापीठ ग्रंथालयाच्या साधनांद्वारे हुडकून त्यांची पूर्ण संहिता मिळविण्याची पद्धती. अशा नियतकालिकांचा प्रारंभ १६६५ पासून मानतात. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसला ‘झुर्नाल दे साव्हां’, तर मार्चमध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ निघाले. पहिल्यात ग्रंथपरिचयाचा भरणा असल्याने आजच्या शोधनिबंधाचे मूळ दुसऱ्यात पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

उदाहरणादाखल सोलापूरचे विद्यापीठ घेता येईल. सोलापूर जिल्हा पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होता. १ ऑगस्ट २००४ रोजी येथे स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सु. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके खुली झाली. योजनेचे काम गांधीनगरचे इन्फ्लिबनेट (विद्यापीठ ग्रंथालयांच्या जाळ्याचे) केंद्र पाहते.

ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये (ऑनलाइन तालिकेत) सामान्यतः नियतकालिकाचे नाव सापडते, त्यातील निबंध नाहीत. निबंधांसाठी विषयवार डेटाबेसकडेच (निबंधांच्या संगणकीय नोंदसंग्रहाकडे) वळावे लागते आणि तेथे शोधशब्दांची निवड निर्णायक ठरते. डाळिंबावरील तेल्या रोगाचे उदाहरण सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचे आहे. केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. ‘तेल्या’ या शब्दाने डेटाबेसमध्ये फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ (तेल्या) व ‘पोमेग्रॅनेट’ (डाळिंब) हे इंग्रजी शब्द ‘अँड’ने जोडावे लागतात, म्हणजे दोन्ही शब्द असलेलेच निबंध मिळतात. रोगकारक जीवाणूचे नावही स्थिर राहिलेले नाही. भारतातील पहिली नोंद साधारणतः १९५२ ची धरतात. पुढे ‘झँथोमोनास प्युनिकी’ हे नाव रूढ झाले. नंतर हा जीवाणू अनुक्रमे ‘कॅम्पेस्ट्रिस’, ‘ॲक्सोनोपोडिस’ आणि ‘सिट्री’ या जातींखाली ‘प्युनिकी’ हा पॅथोव्हार (विशिष्ट वनस्पतीला रोग करणारा उपगट) म्हणून गणला गेला. अलीकडील वर्गीकरणाचा कल ‘सिट्री’कडे आहे. तथापि केवळ त्याच नावाने शोधणाऱ्याच्या नजरेतून आधीच्या कित्येक दशकांचे काम निसटते, म्हणून सर्व नावे ‘ऑर’ने (यांपैकी कोणतेही एक असले तरी चालेल अशा रीतीने) जोडणे अत्यावश्यक आहे.

निबंधाचा डीओआय (प्रत्येक निबंधाला दिलेला कायमस्वरूपी ओळख) क्रमांक मिळाल्यास संहितेपर्यंत थेट पोहोचता येते. संहिता वर्गणीत नसेल तर लेखकाने स्वतः खुली ठेवलेली प्रत पाहावी किंवा ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी नोंदवावी.

मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांना बहुधा डीओआय नसतो. त्यांच्यासाठी वार्षिक सूची, बांधीव खंड आणि ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांच्या संदर्भसूची चाळाव्या लागतात.